आंडोर, आंडेर

नवापूरच्या हॅचरीत माझं काम पंख उघडायचं.
डाव्या मुठीत एक दिवसाचं पिल्लू,
अंगठ्यानं पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी.
एक लांब, एक आखूड : मादी. पिवळा क्रेट.
दोन्ही सारख्या : नर. निळा.
तासाला हजार करायची. चष्मा लागल्यापासून आठशे.

पिवळ्या क्रेटला पुढं लस, दाणा, दीड वर्षाची नोकरी.
निळ्यातले गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून
विसरवाडीच्या बाजारात, दहाला दोन.
पोरं पिशवीत घालून नेतात. तीन दिवस टिकतात.
इथं मादी जन्मली की मालक खूश.
नवीन होते तेव्हा मला ह्याचं हसू आलं होतं,
का ते कुणाला सांगितलं नाही.

मी दोंडाईच्याकडची. आमच्या अहिराणीत
मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर.
दोन्हींच्या पोटात अंडं, फरक एका कान्याचा.
तो काना माझ्या आईला चार वेळा मिळाला नाही.

एप्रिल संपता संपता ट्रान्सफॉर्मर जळाला.
चार दिवस पंखे बंद, फॉगर बंद,
पत्र्याकडं बघितलं तरी डोळे भाजायचे.
शेडमध्ये आयाकोंबड्या चोची उघड्या टाकून,
पंख अंगापासून लांब धरून उभ्या,
स्वतःलाच वाळत घातल्यासारख्या.
दाणा तसाच पडून. उचलली की
छातीचं हाड बोटाला लागायचं.
हिलाल आप्पा जनरेटरवाल्याला शिव्या घालत
धुळ्याला फोन लावत होते.
तरी अंडी आली. कमी, पातळ कवचाची,
पण आली.

एकवीस दिवसांनी ती पिल्लं होऊन माझ्या टेबलावर.
मी खिशातल्या डायरीत रेघा मारते,
पगाराच्या वेळी भांडायला बऱ्या.
त्या दिवशी निळा क्रेट आधी भरला. दुसराही निळाच आधी.
शंभरात अठ्ठावन्न.
आप्पा म्हणाले, बाई, तुमचे डोळे गेले.
समोर उभं राहून सगळे क्रेट पुन्हा तपासायला लावले.
अठ्ठावन्नच.

डॉक्टर एस्तेर गावित पंधरवड्याला रक्ताचे नमुने न्यायला येतात.
डायरी त्यांनी आधी उलटी धरली, मग सुलटी.
म्हणाल्या, कोंबडीत ते अक्षर आईकडं असतं.
अंडं सुटायच्या दोन-तीन तास आधी ठरतं
कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं.
उपास, भीती, असलं ऊन,
ह्यांचा एक रस रक्तात चढतो, कॉर्टिकोस्टेरॉन,
तो कदाचित तिथं हात घालतो.
कुठं नर वाढतात, कुठं माद्या, पाखरागणिक वेगळं.
रोड झालेली आई कदाचित वेगळं ठेवते, भरलेली वेगळं.
आणि कदाचित हा नुसता योगायोग,
एवढ्याशा पिल्लांवरून काही सिद्ध होत नाही.
कदाचित तीनदा आलं. मी मोजलं.
सवय.

मग विचारलं, आणि माणसांत?
माणसांत उलटं, सुईचं टोपण लावत त्या म्हणाल्या,
ते अक्षर बापाकडं.
आणि पुढच्या कोंबडीकडं वळल्या.

संध्याकाळी रंगावलीच्या पुलावरून आईला फोन लावला,
एका कानात बोट घालून, सुरतकडचे ट्रक जात होते.
कोंबड्यांचं सगळं सांगितलं.
उन्हाचं, रसाचं, अठ्ठावन्नचं, आप्पा काय म्हणाले ते.
बापाकडच्या अक्षराचं अगदी शेवटी,
घाईघाईत, बॅलन्स संपत आल्यासारखं.
पलीकडं बराच वेळ नुसता तिच्या टेबलफॅनचा आवाज.
मग तिनं विचारलं,
"त्या चार दिन कोंबड्यास्ले पानी दिधं का कोनी?"